टाकी कोण धुतं? ब्रुअरीत काम करणाऱ्या आपल्या पोरांविषयी



गेल्या महिन्यात आपल्याच एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत स्टीलच्या चकचकीत टाक्यांपुढे आपला एक पोरगा उभा होता. अंगात रबरी ॲप्रन, पायात गमबूट, चेहऱ्यावर हसू. खाली त्याने लिहिलं होतं, "आजपासून असिस्टंट. हेल्परमधून प्रमोशन."

दहा मिनिटांत ग्रुप तुटून पडला. एकाने बावीस प्रतिज्ञांचा फोटो टाकला आणि दारूबंदीच्या प्रतिज्ञेखाली लाल रेघ ओढली. दुसऱ्याने विचारलं, "बाबासाहेबांनी यासाठी शिकवलं का?" तिसरा म्हणाला, याला ग्रुपमधून काढा. पोराने फोटो डिलीट केला आणि रात्री मला फोन केला. "दादा, नोकरी सोडू का? तुम्ही सांगाल तसं करतो. फक्त घराचा हप्ता आणि बहिणीची फी कशी भरायची तेवढं सांगा."

माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. म्हणालो, मला तुझी ब्रुअरी दाखव, मग बोलू. हा लेख त्या भेटीनंतरचा आहे. त्याचं नाव आणि ब्रुअरीचं नाव लिहीत नाही, कारण नोकरी जाईल ती त्याची, माझी नाही.

आधी माझी भूमिका

गैरसमज नको म्हणून पहिल्यांदाच सांगतो. मी पीत नाही आणि कोणी प्यावं असं मला वाटत नाही. आपल्या वस्त्यांमध्ये दारूने काय केलंय ते मला कोणी आकडेवारीतून शिकवायची गरज नाही. पगाराच्या दिवशी दुकानासमोर उभ्या राहिलेल्या बायका मी लहानपणापासून बघत आलो आहे. 'आडवी बाटली'साठी मतदान घडवून आणणाऱ्या बहुतेक बाया आपल्याच घरातल्या आहेत. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते तेव्हा, १८८० साली, त्यांनी शहरात दारूची दुकानं वाढवायला विरोध केला होता. आपली ही परंपरा जुनी आहे.

हल्ली आपल्यातल्या शिकलेल्या, आयटीत लागलेल्या पोरांकडून एक पळवाट ऐकू येते. "बिअर म्हणजे दारू नाही, क्राफ्ट बिअर तर नाहीच. ती टेस्टसाठी असते." त्यांनी पंचशीलातलं पाचवं शील नीट वाचावं. त्यात सुरा आणि मेरय असे दोन शब्द येतात. पाली अट्ठकथांमध्ये सुरेचे प्रकार दिले आहेत. पिठाची, अपुपाची म्हणजे भाकरीची, भाताची, किण्व घातलेली. धान्य भिजवून, आंबवून केलेलं पेय ते हेच. बिअर म्हणजे दुसरं काय? बार्लीला मोड आणायचे, भरडायचं, गरम पाण्यात साखर उतरवायची आणि यीस्ट घालायचं. म्हणजे बिअर ही सुरेची व्याख्याच आहे. ग्लास बदलला म्हणून शील बदलत नाही.

तेव्हा न पिण्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो गमबूट घालून टाकीपुढे उभ्या असलेल्या पोराचं काय करायचं, याचा.

टूरमध्ये काय दाखवतात, काय नाही

पुणे हे देशातल्या मायक्रोब्रुअरींचं सुरुवातीचं शहर. डूलाली २००९ साली इथेच सुरू झाली. त्यानंतर मुंढवा, बाणेर, कोरेगाव पार्क, कुठेही जा, काचेमागे टाक्या दिसतात. या धंद्याने आता 'ब्रुअरी टूर' नावाचा प्रकार आणला आहे. शनिवारी दुपारी दहा-पंधरा जणांचा घोळका येतो. दाढीवाला ब्रुअर त्यांना माल्ट चावायला देतो, हॉप्सची गोळी चुरगळून वास घ्यायला लावतो, यीस्टचं विज्ञान समजावतो. शेवटी लाकडी पट्टीवर चार छोटे ग्लास येतात. लोक फोटो काढतात. एका मोठ्या ग्लासाला इथे तीन-चारशे रुपये सहज पडतात.

मी मात्र टूरला गेलो नाही, पहाटेच्या पाळीला गेलो.

ब्रुअरीचं काम म्हणजे बनवणं कमी आणि धुणं जास्त. या धंद्यातली माणसंच हे सांगतात, जगभर सांगतात. हजार लिटर बिअरला साधारण दोनशे किलो माल्ट लागतं. त्याच्या पंचवीस-पंचवीस किलोच्या गोण्या पाठीवरून जिना चढून आणायच्या. पासष्ट अंशांच्या पाण्यात ते माल्ट तासभर मुरलं, रस खाली उतरला की टाकीत उरतो गरम, ओला चोथा. माल्टपेक्षा जास्तच वजनाचा. तो फावड्याने ओढून पिंपात भरायचा. मग गोठेवाल्याचा टेम्पो येतो आणि तो चोथा म्हशींना जातो. त्यानंतर कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याने पाइप आणि टाक्या धुवायच्या. थेंब उडाला तर कातडी सोलली जाते. मग आम्ल, मग जंतुनाशक, मग पुन्हा पाणी. भरलेला पन्नास लिटरचा केग साठ किलोच्या वर जातो आणि तो एकट्याने लोळवायचा. संध्याकाळी सात वाजता वर गाणी सुरू होतात, तेव्हा खाली एक पोरगा ब्रश घेऊन वाकलेला असतो.

मी त्या पाळीत पाच माणसं मोजली. जातीचा सर्व्हे करायला गेलो नव्हतो, पण आपण आडनावांच्या देशात राहतो. हजेरीच्या वहीत जी आडनावं होती ती टूर घेणाऱ्याच्या आडनावासारखी नव्हती. एक मराठवाड्यातला, एक विदर्भातला, एक झारखंडचा आदिवासी, एक नेपाळी आणि एक आपला. टूर घेणारा ब्रुअर परदेशात कोर्स करून आलेला. माणूस वाईट नव्हता. माझ्याशी नीट बोलला, चहा पाजला. पण मी त्याला विचारलं, "टाकीत कोण उतरतं?" तो म्हणाला, "मुलं आहेत ना."

'मुलं आहेत ना.' या एका वाक्यात अख्खी जातव्यवस्था बसते.

टाकीच्या आत

यीस्ट साखर खातं तेव्हा दोन गोष्टी तयार होतात, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. हा वायू हवेपेक्षा जड असतो. टाकी रिकामी केली तरी तळाशी साचून राहतो. त्याला रंग नसतो आणि नुसतं वाकून बघितलं तर कळतही नाही. आत डोकं घातलेला माणूस दोन-चार श्वासांत कोसळू शकतो आणि त्याला वाचवायला उतरणारा दुसराही. म्हणून जगभर नियम आहे की टाकीत उतरायचंच नाही. उतरावं लागलंच तर आधी हवा खेळवायची, मीटरने ऑक्सिजन मोजायचा, कमरेला दोरी बांधायची आणि बाहेर एक माणूस उभा ठेवायचा. १९४८ च्या कारखाना कायद्यातच, कलम ३६ मध्ये, विषारी वायू असलेल्या बंदिस्त जागेत माणूस उतरवण्यावर बंधन घातलं होतं.

मी पोराला विचारलं, मीटर आहे का? तो म्हणाला, "दादा, मेणबत्ती लावून बघतो."

हे वाचून तुम्हाला दुसरं काही आठवलं का? मला गटार आठवलं. तिथेही माणूस काडी पेटवून आत उतरतो. तिथेही आधी एक जण पडतो, मग त्याला काढायला गेलेला दुसरा. त्यासाठी २०१३ चा कायदा झाला, तरी मरण थांबलेलं नाही, कारण आत उतरणाऱ्याची जात बदललेली नाही. ब्रुअरी म्हणजे गटार नव्हे, पगारही तिथे बरा आहे. पण या देशात जिथे काम म्हणजे धुणं, घासणं, उपसणं असतं, तिथे ते कुणाच्या वाट्याला येणार हे जाहिरात निघण्याआधीच ठरलेलं असतं. युरोप-अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअरीत ब्रुअर स्वतः चोथा उपसतो, स्वतः टाकी घासतो आणि त्याला त्याचा अभिमान असतो. ती 'क्राफ्ट' म्हणजे हाताची कारागिरी आपल्याकडे आली, पण येताना हात बाहेर ठेवून आली. इथे डोकं एकाचं आणि हात दुसऱ्याचे. जात ही कामाची विभागणी नसून कामगारांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली सांगितलं. ते तपासायला पुस्तक उघडायची गरज नाही, ब्रुअरीच्या तळमजल्यावर जावं.

कारागिरी कुणाची, गुन्हा कुणाचा

टूरमध्ये सांगतात की आंबवणं ही एक प्राचीन कला आहे. बरोबर आहे. मग या कलेचे जुने कारागीर कुठे गेले?

मोहाची फुलं कधी वेचायची, किती दिवस मुरवायची, वासावरून काय ओळखायचं, हे ज्ञान आदिवासींकडे होतं. इंग्रज सरकारने १८७८ साली मुंबई अबकारी कायदा केला आणि १८९२ साली खास मोहाच्या फुलांसाठी कायदा केला. ठाणे-कुलाब्याकडच्या माणसाने आपल्याच झाडाचं फूल साठवणं गुन्हा ठरलं. उद्देश लोकांचं आरोग्य नव्हता, महसूल होता. कंजारभाटांसारख्या जमातींवर १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण शिक्का आजही पुसलेला नाही. आजही पेपरात बातमी येते, 'काळा गूळ, नवसागर आणि इतके लिटर रसायन नष्ट'. त्या बातमीत एक बाई पदराने तोंड झाकून उभी असते.

मी हातभट्टीची बाजू घेत नाही. २००४ चं विक्रोळी आणि २०१५ चं मालवणी मी विसरलेलो नाही. मालवणीत शंभरावर माणसं मेली, ती सगळी झोपडपट्टीतली, हातावर पोट असलेली. तिथे दारूत मिथेनॉल मिसळलं होतं आणि मिसळणाऱ्याला मेलेल्यांची पर्वा नव्हती. मी एवढंच विचारतो आहे की पिंपात आंबवणारी बाई गुन्हेगार आणि स्टीलच्या टाकीत आंबवणारा कलावंत, हा फरक नुसत्या स्वच्छतेचा आणि लायसनचा आहे का? लायसन कुणाला मिळतं, त्यासाठी भांडवल आणि जागा कुणाकडे असते? चामड्याचंही हेच झालं. हात लावला की विटाळ होता, तोवर ते काम आपलं होतं. त्यात पैसा दिसू लागला तेव्हा विटाळ गेला आणि मालकही बदलले.

अमेरिकेतला आरसा

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनच्या बिअरचं मोठं कौतुक होतं. ती बिअर बनवायचा पीटर हेमिंग्ज, जेफरसनचा गुलाम. १८१३ मध्ये एका इंग्रज ब्रुअरकडून तो हे काम शिकला आणि नंतर माँटिचेलोच्या मळ्यावर तोच बिअर करायचा. जेफरसनने त्याच्या बुद्धीची पत्रातून तारीफ केली, पण त्याला मुक्त केलं नाही. जेफरसन वारल्यावर १८२७ मध्ये मळ्यावरच्या माणसांचा लिलाव झाला, त्यात हा कारागीरही होता. कौशल्याची तारीफ करायची आणि माणसाला माणूस मानायचं नाही, ही रीत आपल्याला ओळखीची आहे.

पुढे १९७० मध्ये थिओडोर मॅक नावाच्या काळ्या माणसाने विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश गावची पीपल्स ब्रुअरी विकत घेतली. त्याआधी तो मिलवॉकीच्या मोठ्या ब्रुअरीत कामाला होता. मालक काळा आहे म्हटल्यावर गावातल्या गोऱ्या गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. सरकारी कंत्राटांसाठी तो भांडला, पण १९७२ मध्ये ब्रुअरी बंद पडली. इकडे मुंबईत त्याच वर्षी दलित पँथर उभी राहत होती. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर अमेरिकेतल्या क्राफ्ट बिअरच्या धंद्यालाही आपला गोरेपणा बघावा लागला. ब्रुकलिन ब्रुअरीचे ब्रूमास्टर गॅरेट ऑलिव्हर हे स्वतः काळे. त्यांनी त्या वर्षी काळ्या आणि इतर वंचित समूहांतल्या तरुणांना या विद्येचं शिक्षण मिळावं म्हणून शिष्यवृत्ती देणारी संस्था काढली.

आपल्याकडे हा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही. बिअर फेस्टिव्हल भरतात, चर्चा होतात, पण 'तुमच्याकडे जात आहे का' असं विचारलं तर लोक असे बघतात जणू आपणच ती खिशातून काढून टेबलावर ठेवली.

पण मित्रांनो, इथे मी थांबतो. अमेरिकेची नक्कल करून 'आपलीही ब्रुअरी काढू, बहुजनांची बिअर काढू' असं म्हणणारे काही जण मला भेटले आहेत. त्यांच्याशी मी सहमत नाही, आणि त्याचं कारण धम्मात आहे.

व्यापार आणि मजुरी

अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत. शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. ग्रुपवरच्या एका भावाने याचाच आधार घेतला आणि त्याचा मुद्दा हलका नाही. पण शब्द नीट बघा, 'वणिज्जा'. म्हणजे वाणिज्य, विकून नफा कमावणं. ज्याचा नफा लोकांच्या जास्त पिण्यावर वाढतो, तो या व्यापारात आहे. मालक त्यात आहे. गुंतवणूकदार त्यात आहे. 'दोनवर एक फ्री' अशी स्कीम आखणारा सेल्सवाला त्यात आहे. म्हणून बहुजनांच्या ब्रुअरीचं स्वप्न मला नको. मालकाची जात बदलली तरी बाटलीचा परिणाम बदलत नाही, आणि ती बाटली शेवटी आपल्याच वस्तीत येईल.

टाकी घासणारा हेल्पर मात्र मद्य विकत नाही, आपले श्रम विकतो. यावर कोणी म्हणेल, ही शब्दांची कसरत झाली, त्याच्या श्रमाशिवाय बिअर कशी होईल? खरं आहे. मी त्याला निर्लेप ठरवत नाही. पण मग हाच न्याय सगळ्यांना लावा. बाटलीची काच करणारा, लेबल छापणारा, बार्ली पिकवणारा, ट्रक चालवणारा, बिअर शॉपीला गाळा भाड्याने देणारा, आणि उत्पादन शुल्काच्या पैशातून पगार घेणारा प्रत्येक सरकारी नोकर, त्यात आपल्या ग्रुपचे दोन ॲडमिनही आले. जयंतीच्या वर्गणीत परमिट रूमवाल्या नगरसेवकाची पावती सगळ्यात मोठी असते. ती परत केल्याचं मी ऐकलेलं नाही. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेपुढे कोण कशाच्या जोरावर नाचतं तेही सगळ्यांना दिसतं. त्यांना ग्रुपमधून कोणी काढलं? शीलाचा दंडुका फक्त पगारी पोरावर चालवायचा असेल तर ते शील नव्हे, ती पंचायत झाली. आणि जातपंचायतीचा बहिष्कार काय असतो हे आपल्याइतकं कोणाला माहीत आहे?

बाबासाहेबांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या

ग्रुपवर प्रतिज्ञांचा फोटो टाकणाऱ्यांनी आणखी एक कागद वाचायला हवा. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा १९५१ चा निवडणूक जाहीरनामा. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखालचा हा पक्ष त्यात सरकारी दारूबंदीला स्वच्छ विरोध करतो. बंदीने महसूल बुडतो, दारू मात्र थांबत नाही, ती चोरून घरोघरी गाळली जाते, असा युक्तिवाद त्यात आहे. पाच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, तेच बाबासाहेब नागपुरात लाखो लोकांना दारू न पिण्याची प्रतिज्ञा देतात.

यात विसंगती नाही. राज्याने काय करावं हा एक प्रश्न आणि माणसाने स्वतः कसं जगावं हा दुसरा. प्रतिज्ञा माणूस स्वतःहून घेतो, ती दुसऱ्यावर बजावायची नोटीस नव्हे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे कामगार. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आठ तासांचा दिवस, किमान वेतन, विमा, कामगारांचं कल्याण यासाठी ते झटले. तेव्हा त्यांनी कारखान्यात काय बनतं ते विचारून कामगारांचे हक्क वाटले नाहीत. बिडी कामगार, खाण कामगार, गिरणी कामगार सगळे त्यांना कामगारच होते.

मग आपण ब्रुअरीतल्या पोराला शील विचारतो, पण त्याच्या पीएफबद्दल का विचारत नाही? त्याच्या पगाराची स्लिप हॉटेलच्या नावाने निघते की ठेकेदाराच्या? ईएसआयचं कार्ड आहे का? कॉस्टिकने हात भाजला त्या दिवशी दवाखान्याचं बिल कोणी भरलं? मी विचारलं. त्याने स्वतः भरलं होतं.

पाणी आणि पिंपरी

दोन गोष्टी आणखी, त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

पहिली पाण्याची. कारखान्यात एक लिटर बिअरला साधारण चार ते सहा लिटर पाणी लागतं, छोट्या ब्रुअरीत त्याहून जास्त, कारण धुणंच इतकं. औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, हे बिअर कारखान्यांचं मोठं केंद्र आहे. याच शहरात बाबासाहेबांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करा असं सांगावं लागलं. न्यायालयापर्यंत जाईतो कोणाला सुचलं नव्हतं. महाडच्या तळ्याचे वारसदार म्हणून पाणी आधी कुणाला, हा प्रश्न आपला आहे. तो विचारायचा सोडून आपण गमबूट घातलेल्या पोराला विचारत बसलो.

दुसरी पिंपरीची. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथे पेनिसिलिन बनायचं आणि तेही टाकीत आंबवूनच. विज्ञान तेच, फक्त यीस्टऐवजी बुरशी. टाकी, वाफ, स्वच्छता, तापमान, नमुना तपासणी, सगळं तसंच. पण तो सार्वजनिक उपक्रम होता, म्हणून तिथे आरक्षण होतं, कायम नोकरी होती, क्वार्टर होतं, युनियन होती. तोच कारखाना डबघाईला येऊ दिला गेला आणि त्याच शहराच्या आसपास तेच कौशल्य आता ठेक्यावर, बारच्या तळमजल्यावर विकावं लागतं. आपली पोरं दारूच्या धंद्यात गेली असं म्हणताना, पेनिसिलिनच्या कारखान्यातली त्यांची जागा कोणी काढून घेतली हेही म्हणा.

मग करायचं काय?

मी त्या पोराला चार गोष्टी सांगितल्या. त्याच्यासारख्या प्रत्येकाला सांगतो.

एक, प्रतिज्ञा पाळ. टेस्टिंगच्या नावाखालीही नाही. चव घ्यायची ती ब्रुअरला घेऊ दे. लोकांना प्यायला लावणं हेच ज्याचं काम, त्या सेल्सच्या टेबलावर बढती मिळाली तरी जाऊ नको.

दोन, मीटर आल्याशिवाय टाकीत उतरू नको. मेणबत्ती म्हणजे मीटर नव्हे. नकार लेखी दे, आणि एकट्याने देऊ नको. तुम्ही पाच जण आहात, पाचांच्या सह्या घे.

तीन, जे शिकतो आहेस ते वहीत लिही. पीएच, तापमान, पंप, बॉयलर, चिलर, नमुना. हे ज्ञान बिअरचं नाही, आंबवण्याचं आहे. दूध, व्हिनेगर, बेकरीचं यीस्ट, औषधं, लस, सांडपाणी शुद्धीकरण, सगळीकडे चालतं. बारावी सायन्स झालं आहे, तर मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजीला प्रवेश घे. शिष्यवृत्तीचे फॉर्म आपण मिळून भरू.

चार, सोडायची तेव्हा नोकरी सोड, पण शिडी हाताशी असल्यावर. ग्रुपला घाबरून नको.

आणि चळवळीला एक गोष्ट सांगायची आहे. ज्याला पर्याय देता येत नाही त्याला बहिष्कार देण्याचा अधिकार आपल्याला नाही. ग्रुपमध्ये तीनशे माणसं आहेत. त्यात औषध कंपन्यांत, लॅबमध्ये, डेअरीत कामाला असलेले निदान दहा तरी असतील. त्या रात्री त्यातल्या एकानेही लिहिलं नाही की, "भावा, आमच्याकडे जागा निघाली तर कळवतो." धम्म सांगायला वेळ होता, जागा सांगायला नव्हता. सम्यक आजीविका हवी असेल तर आजीविकेची सोय संघटनेने करायची असते. महाडनंतर बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढू नका असं नुसतं सांगितलं नाही, वसतिगृहं आणि कॉलेजंही काढली.

पोरगा अजून तिथेच आहे. पाच सह्यांचं पत्र दिलं. मालकाने आधी कपाळाला आठ्या घातल्या आणि पंधरा दिवसांनी ऑक्सिजन मीटर आणला. ईएसआयचं अजून झालेलं नाही, त्याचा पाठपुरावा चालू आहे. बी.एस्सी.चा फॉर्म त्याने मागच्या आठवड्यात भरला. फी कमी पडते आहे. ज्यांनी त्या रात्री प्रतिज्ञांचा फोटो टाकला होता, त्यांना मी आज फोन करणार आहे. बघू या कोण उचलतं.

जय भीम! नमो बुद्धाय!